जुन्या रास्पबेरी पाय ३ वर मीडिया सेंटर जमेल का? मोबाइलचे व्हिडिओ अडकतायत

खटपट्या७७

नमस्कार मंडळी. घरात एक रास्पबेरी पाय ३ बी (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) पडून होता, १ जीबी रॅमवाला. टीव्ही ४के आहे, पडदा उत्तम, पण त्याचं आतलं सॉफ्टवेअर इतकं रडकं झालंय की डिस्क लावली की फोल्डर उघडायलाच वाट बघत बसा, अर्ध्या फाइलींना हा फॉरमॅट चालत नाही म्हणून हात वर करतो आणि होम स्क्रीनवर जाहिराती त्या वेगळ्याच. म्हणून ठरवलं की पाय टीव्हीच्या मागे डकवायचा, पोर्टेबल हार्डडिस्क लावायची आणि टीव्हीला नुसता पडदा म्हणून वापरायचं. डिस्कवर माल म्हणजे जुन्या डीव्हीडी एमकेव्ही फाइली करून ठेवलेल्या, फ्लॅक फॉरमॅटमधली गाणी, आणि मुख्य म्हणजे मोबाइलवर घेतलेले घरचे व्हिडिओ, ते तर ढीगभर आहेत.

लिब्रेएलेक (फक्त कोडी चालवायला बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, कोडी हे मीडिया प्लेअर सॉफ्टवेअर सुरू झालं, दिसायला झकास. डीव्हीडीवाल्या फाइली एकदम स्मूथ चालतात, गाण्यांचा प्रश्नच नाही. मोबाइलचे व्हिडिओ मात्र दोन सेकंद चालतात आणि अडकतात, आवाज पुढे जातो चित्र मागे राहतं, आणि वर कोपऱ्यात मधूनमधून पिवळी वीज चमकते ती कसली तेही कळत नाहीये. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून भागेल का? की सरळ पाय ४ किंवा ५ घेऊ, आणि घेतलाच तर कुठला, कारण खर्च कमीत कमी ठेवायचाय, नाहीतर या उद्योगात काही अर्थ नाही. शिवाय आईला टीव्हीच्या एकाच रिमोटने सगळं चालवता यायला पाहिजे, कीबोर्ड माउस तिच्या हातात देऊन चालणार नाही. आणि यावर ओटीटी ॲप नीट चालतात का?

तारांचा_गुंता

तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत, ती एकात मिसळू नका, नाहीतर नवीन बोर्ड घेऊनही एक तसंच राहील.

आधी पिवळी वीज. ती कमी व्होल्टेजची खूण आहे. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि ते ४.६३ च्या खाली घसरले की हे चिन्ह येतं आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. तुम्ही मोबाइलचा चार्जर लावला असणार, बहुतेक जण तेच करतात. चार्जरवर २ अँपिअर छापलेलं असतं ते खोटं नसतं हो, पण लांब आणि बारीक केबलमधे व्होल्टेज गळतं आणि बोर्डापर्यंत पोचेस्तोवर ते ४.६३ च्या खाली जातं. म्हणून तर पायचा स्वतःचा ॲडाप्टर ५.१ व्होल्टचा आणि २.५ अँपिअरचा असतो, तो वरचा ०.१ केबलसाठीच. त्यात तुम्ही पोर्टेबल डिस्कही बोर्डाकडूनच वीज घेऊन फिरवताय. डिस्क काढून पेनड्राइव्हवरून तोच व्हिडिओ लावून बघा, वीज चमकायची थांबली तर समजा करंट पुरत नाहीये.

एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायला कमांड द्यायची सोय) चालू करता येत असेल तर थ्रॉटलिंग, म्हणजे प्रोसेसरने वेग उतरवलाय का, ते तपासायची कमांड आहे. उत्तर नुसतं शून्य आलं तर सगळं ठीक. ५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे, आणि ५०००० आलं तर आत्ता बरं आहे पण बूट झाल्यापासून कधीतरी घसरलं होतं. हे दुसरं लोक बघतच नाहीत. स्क्रीनवर वीज दिसली नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालतात.

आता दुसरं दुखणं, ते म्हणजे कोडेक, व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे आहेत, आत काय भरलंय ते महत्त्वाचं. तुमच्या डीव्हीडीवाल्या फाइलींमधे एमपेग-२ असणार, रिझोल्यूशन लहान, ते पाय ३ चा प्रोसेसर नुसत्या ताकदीवर ओढतो. मोबाइलचे व्हिडिओ हल्ली बहुतेक एच.२६५ मधे असतात, त्यालाच हेव्हीसी म्हणतात, आणि पाय ३ च्या चिपमधे हेव्हीसी उलगडणारं हार्डवेअरच नाही. त्याचं हार्डवेअर एच.२६४ चं, तेही १०८०पी पर्यंत. त्यामुळे ओव्हरक्लॉक विसरा, १०-१५ टक्के वेग वाढवून हा फरक भरून निघणारा नाही, गरम होईल तेवढंच.

व्हिडिओ चालू असताना यूएसबी कीबोर्ड लावून इंग्रजी ओ हे अक्षर दाबा. कोडी स्क्रीनवर कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेमरेट, आणि डीकोडिंग (उलगडणं) हार्डवेअरमधे होतंय की सॉफ्टवेअरमधे ते सगळं दाखवतं. ते इथे लिहा मग पुढचं बोलू.

सरळमार्गी

कशाला एवढा खटाटोप राव. एक स्टिक नाहीतर अँड्रॉइड बॉक्स घ्या, एचडीएमआयला लावा, मोकळे व्हा. रिमोट पण सोबतच येतो.

खटपट्या७७

@सरळमार्गी स्टिक घेतली की पुन्हा तेच, जाहिरातींची होम स्क्रीन आणि दोन-तीन वर्षांत अपडेट बंद. मला माझ्या फाइली माझ्या पद्धतीने बघायच्यात एवढंच.

@तारांचा_गुंता ओ दाबून बघितलं. हेव्हीसी, ३८४० बाय २१६०, ६० फ्रेम, डीकोडर सॉफ्टवेअर, आणि चारही कोअर १०० टक्क्यांवर. बिचाऱ्याचा जीव चाललाय. चार्जर मोबाइलचाच होता, बरोबर ओळखलंत.

मध्यरात्रीचा_बिल्ड

४के ६० फ्रेमचं हेव्हीसी पाय ३ कडून कधीच होणार नाही, त्याचं एचडीएमआय पण १०८०पी साठीच बनवलेलं आहे. आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, एकात पैसे जातात दुसऱ्यात वेळ.

वेळवाला रस्ता असा की लॅपटॉपवर हँडब्रेक हे व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर टाका, त्यात फास्ट १०८०पी३० नावाचा तयार प्रीसेट आहे, तो एच.२६४ बनवतो, सगळे व्हिडिओ रांगेला लावा आणि रात्रभर चालू द्या. मूळ फाइली उडवू नका मात्र, त्या वेगळ्या डिस्कवर ठेवा, घरच्या व्हिडिओची दुसरी कॉपी कुठे मिळत नाही. पाय ३ वर या बदललेल्या फाइली आरामात चालतील. पुढचे व्हिडिओ घेताना मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमधे हाय एफिशियन्सी बंद करून १०८०पी ठेवलं तर बदलायची पण गरज नाही.

पैसेवाला रस्ता म्हणजे पाय ४. आणि इथे लोक हमखास विचारतात की ५ नवीन आहे तर ५ च का नको. मीडिया सेंटरपुरतं बोलायचं तर ४ (२०१९ चा) हेव्हीसी ४के ६० फ्रेमपर्यंत हार्डवेअरमधे करतो आणि एच.२६४ पण १०८०पी ६० पर्यंत हार्डवेअरमधे. ५ (२०२३ चा) मधे हेव्हीसी तसंच आहे पण एच.२६४ चं हार्डवेअर काढूनच टाकलंय! १०८०पी तो प्रोसेसरवर सहज ओढतो त्यामुळे चालताना फरक जाणवत नाही, पण म्हणजे तुमच्या कामासाठी ५ मधे जास्तीचं मिळतंय काय तर मेनू भराभर हलतात. त्याला पंखा नाहीतर चांगला हीटसिंक लागतो, ॲडाप्टर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा लागतो, ३ अँपिअरच्या ॲडाप्टरवर चालतो पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, मग पोर्टेबल डिस्क परत रडणार. कमी खर्चात करायचंय ना, मग ४ च घ्या, २ जीबीवाला. ८ जीबी रॅम घेऊन कोडी काय करणार आहे, तिथे पैसे घालू नका.

यूट्यूब ४के मधे बघायचं डोक्यात असेल तर काढून टाका. तिथे व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेक चालतात आणि या दोन्हीचं हार्डवेअर ना ४ मधे आहे ना ५ मधे. आणि कोणाच्या ड्रोन किंवा ॲक्शन कॅमेऱ्याच्या ४के एच.२६४ फाइली असतील तर त्यांचं पण हार्डवेअर डीकोडिंग या दोन्हीवर होत नाही, हे घ्यायच्या आधी ओ दाबून बघितलेलं बरं.

पाय ४ घेतलात तर लावताना हे लक्षात ठेवा: दोन मायक्रो एचडीएमआय आहेत, टीव्हीची केबल पॉवरच्या यूएसबी-सी शेजारच्या पोर्टला लावा, दुसऱ्याला ४के ६० मिळत नाही. पहिल्यालाही आपोआप नाही मिळत, कॉन्फिग फाइलमधे ४के ६० चालू करायची एक ओळ घालावी लागते, लिब्रेएलेकच्या विकीवर आहे, तशीच्या तशी उचला. टीव्हीवर पण त्या एचडीएमआय पोर्टचा एन्हान्स्ड किंवा यूएचडी कलर असा काहीतरी पर्याय असतो तो चालू करा, नाहीतर बोर्ड ६० द्यायला तयार आणि टीव्ही घ्यायला तयार नाही.

रिळवाली

आईंच्या रिमोटचं मी सांगते, आमच्याकडे सासूबाई रोज वापरतात.

वेगळा रिमोट घेऊच नका. एचडीएमआयमधे सीईसी नावाची सोय असते, टीव्हीच्याच रिमोटची बटणं केबलमधून बोर्डापर्यंत पोचतात. पायमधे ती आधीपासून चालू असते, टीव्हीत मात्र बऱ्याचदा बंद असते आणि प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं वेगळंच नाव दिलंय: सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. ते शोधून चालू केलं की बाण, ओके, बॅक, प्ले-पॉज चालतात. मेनूचं बटण काही टीव्ही स्वतःकडेच ठेवतात, मग सबटायटल बदलायला जरा अडचण होते, पण व्हिडिओ चालू असताना ओके दाबलं की कोडीची खालची पट्टी येते, त्यात ते मिळतं.

कोडीच्या सेटिंगमधे इनपुट, मग पेरिफेरल्स, त्यात सीईसी ॲडाप्टर. तिथे टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं हे विचारलंय. शटडाउन निवडू नका! पाय ४ ला पॉवरचं बटण नाही, एकदा शटडाउन झाला की टीव्ही परत लावला तरी तो झोपलेलाच, मग कोणीतरी टीव्हीमागे हात घालून प्लग काढून परत लावायचा. इग्नोर ठेवा आणि बोर्ड चालूच राहू द्या, रिकामा बसलेला असताना तीन-चार वॉटच्या आसपास खातो. प्लग मात्र चालू असताना ओढायचा नाही, त्यानेच कार्डवरची फाइल सिस्टिम बिघडते. घरातल्यांना त्या स्विचला हात लावू नका म्हणून ठणकावून सांगा, नाहीतर झाडताना कोणीतरी बंद करतंच.

मग होम स्क्रीन साफ करा. कोडीची नेहमीची स्किन (पडद्यावरची मांडणी) एस्चुअरी आहे, तिच्या सेटिंगमधे मेन मेनूतले रेडिओ, टीव्ही, गेम्स, वेदर, ॲड-ऑन सगळे एकेक करून बंद करता येतात. आमच्याकडे तीनच ओळी ठेवल्यात, चित्रपट, गाणी आणि फोटो. तीन ओळीत माणूस हरवत नाही.

एक महत्त्वाचं. घरच्या व्हिडिओचं फोल्डर लायब्ररीत घालताना कोडी विचारतं की या फोल्डरमधे काय आहे, मूव्हीज की टीव्ही शोज. तिथे नन (यातलं काहीच नाही) निवडा. मूव्हीज निवडलंत तर तो प्रत्येक फाइलचं नाव इंटरनेटवर शोधतो आणि जे जुळेल ते चिकटवतो. आमच्या बारशाच्या व्हिडिओला कुठल्यातरी परदेशी भुताच्या सिनेमाचं पोस्टर लागलं होतं, खाली कथानक पण होतं, सासूबाईंनी वाचून दाखवायला लावलं. नन ठेवलं की नुसती फोल्डरं दिसतात, म्हणून फोल्डरांना नावं नीट द्या, वर्ष आधी मग प्रसंग, मोबाइल जी तारखांची लांबलचक नावं देतो ती टीव्हीवर कोणी वाचत नाही. सिनेमांचं उलटं, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, नाव आणि कंसात वर्ष, की पोस्टर बरोबर येतं.

हार्डडिस्क_मास्तर

डिस्कबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, जास्त नाही. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होतानाच त्यातला बराचसा घास घेते, कधी चालते कधी मधेच गायब होते, आणि मग लोक डिस्क खराब झाली म्हणून बोंब मारतात. स्वतःचा ॲडाप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क नाहीतर पॉवर्ड यूएसबी हब, दोनातलं एक करा.

निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावल्यावर डिस्क अडखळायला लागली, आणि तीच काळ्या यूएसबी २ ला लावली की बरी चालली, तर डिस्कच्या डबीतली, डिस्क यूएसबीला जोडणारी सॅटा चिप आणि यूएएस (यूएसबीवरून डेटा वेगाने न्यायची पद्धत) मोड यांचं पटत नाहीये. बूटच्या कमांडलाइन फाइलमधे त्या चिपचा आयडी देऊन यूएएस बंद करता येतो. फाइलमधे सगळं एकाच ओळीत ठेवायचं, मधे एंटर दाबलं की बूटच होत नाही. वेग थोडा कमी होतो पण व्हिडिओला कुठे एवढा वेग लागतो, ४के ६० चा मोबाइल व्हिडिओ म्हणजे मिनिटाला ४०० एमबीच्या आसपास, सेकंदाला ५०-५५ मेगाबिट, हे यूएसबी २ वरून पण सुखाने जातं. वायफायवरून जायचं म्हटलं तर मात्र २.४ गिगाहर्ट्झवर घाम फुटेल, तिथे केबल नाहीतर ५ गिगाहर्ट्झ.

फॉरमॅट: डिस्क कायम पायलाच राहणार असेल तर ईएक्सटी४, सारखी लॅपटॉपला पण लावायची तर एक्सफॅट. फॅट३२ नको, ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही. खरं तर डिस्क काढायची गरजच नाही, लिब्रेएलेकमधे साम्बा (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची सोय) आधीच आहे, सेटिंगमधून चालू करा आणि लॅपटॉपवरून नेटवर्कवरच फाइली टाका.

तारांचा_गुंता

ओटीटीचं राहिलं. कोडीत ॲड-ऑन मिळतात पण मोठे ओटीटी वाइडवाइन (कॉपी रोखणारं कुलूप) वापरतात आणि एचडी, ४के साठी त्याची एल१ पातळी मागतात, ती पायवर नाही, एल३ वरच भागवावं लागतं, म्हणजे चित्र हलक्या दर्जाचं. त्यात त्यांनी लॉगिनची पद्धत बदलली की ॲड-ऑन बंद, मग कोणीतरी दुरुस्त करेपर्यंत बसा. ओटीटी तुमच्या टीव्हीच्याच ॲपवर बघा, किंवा त्यासाठी @सरळमार्गी म्हणतात ती स्टिक खरंच बरी, दुसऱ्या एचडीएमआयला. दोन्ही कामं एकाच डब्याकडून करून घ्यायच्या हट्टापायीच लोक वैतागतात आणि बोर्ड कपाटात जातो.

सरळमार्गी

चला, कोणीतरी मानलं 😄

खटपट्या७७

अपडेट देतो. पाय ४ घेतला, २ जीबी, त्याचाच ॲडाप्टर, आणि डिस्कला पॉवर्ड हब. पडद्यावरची पिवळी वीज गायब. मोबाइलचे व्हिडिओ असे चालतायत की ओ दाबून बघितलं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामाच. आई बाणांनी फोल्डरात जाते, व्हिडिओ लावते, मला हाक मारत नाही. @रिळवाली ताई, नन वाली टिप आधी वाचली म्हणून वाचलो.

दोन गोष्टी अजून अडतायत. एक, मी स्वतःसाठी छोटा वायरलेस कीबोर्ड लावलाय, डिस्क चालू असली की त्याची बटणं उशिरा लागतात नाहीतर लागतच नाहीत. दुसरं, सिनेमात कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक हिसके देतं, मोबाइलच्या व्हिडिओत नाही देत. डीकोडर हार्डवेअरच दाखवतोय.

हार्डडिस्क_मास्तर

कीबोर्डचा डोंगल (यूएसबीत लावलेला छोटा रिसीव्हर) डिस्कच्या शेजारच्या पोर्टात असेल. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा कचरा सोडतं आणि तुमचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल हातभर लांब टीव्हीच्या पुढे काढा. लागतील बटणं.

मध्यरात्रीचा_बिल्ड

हिसके म्हणजे फ्रेमरेटचा घोळ. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा (नेमकं बोलायचं तर बरेचसे २३.९७६) आणि टीव्ही ६० वर चाललाय, २४ ने ६० ला भाग जात नाही, मग एक फ्रेम दोनदा दुसरी तीनदा असं दाखवावं लागतं आणि आडव्या हालचालीत ते डोळ्याला टोचतं. मोबाइलचा व्हिडिओ ६० चाच आहे म्हणून तो बरा. सेटिंगमधे प्लेअर, व्हिडिओज, तिथे ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे, ते ऑन स्टार्ट-स्टॉप करा. पर्याय दिसत नसेल तर डाव्या खालच्या कोपऱ्यातला गिअर दाबून पातळी एक्सपर्टवर न्या. मग सिस्टिम, डिस्प्लेमधे व्हाइटलिस्ट (कोडीने वापरायच्या मोडची यादी) आहे, त्यात १०८०पी आणि ४के चे २३.९८, २४, २५, ५०, ५९.९४, ६० एवढे टिकमार्क करा. मेनू मात्र १०८०पी वरच ठेवा, मेनू ४के मधे ठेवला की पाय ४ ला विनाकारण भार आणि दिसायला काही फरक नाही. व्हिडिओ सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल, टीव्ही मोड बदलतोय, घाबरू नका. आईंना पण सांगून ठेवा, नाहीतर बंद पडलं समजून त्या परत परत बटण दाबतील.

खटपट्या७७

दोन्ही झालं. डोंगल पुढे काढला, हिसके गेले. डीव्हीडीवाल्या फाइलींना मात्र टीव्ही आता ५० वर जातो, ते बरोबर आहे का?

मध्यरात्रीचा_बिल्ड

पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडी असतील, २५ फ्रेमच्या. बरोबर आहे, २५ दुप्पट केलं की ५०. त्यातल्या काही इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी वेगळ्या साठवलेल्या) असतील, हलत्या गोष्टींच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर चालू व्हिडिओतच व्हिडिओ सेटिंगमधे डीइंटरलेस ऑटो करा आणि खाली सेट ॲज डिफॉल्ट दाबा.